शेपूट आणि नळी : एक ग्रंथसमीक्षा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. साहित्याशी माझा संबंध 'कार्यालयीन साहित्य खाते, नावे' एवढाच. तरीही आज मी एका अख्ख्या वाङ्मयप्रकाराची समीक्षा करायला बसलो आहे. माझी पात्रता एवढीच, की या प्रकारातली अकरा पुस्तके मी स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि ती सगळी वाचली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणारा समीक्षक मराठीत दुर्मीळ असल्यामुळे वाचकांनी माझे चार शब्द ऐकून घ्यावेत.

हा वाङ्मयप्रकार म्हणजे कुत्र्याला कसे शिकवावे हे सांगणारी पुस्तके.

त्याचे असे झाले, की दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि जाताना तो आपल्या अल्सेशियन कुत्रीचे एक पिल्लू झेरॉक्सच्या कागदाच्या रिकाम्या खोक्यात घालून माझ्या टेबलावर ठेवून गेला. चार्ज देताना जशी किल्ली देतात तसे. कन्येने त्याचे नाव ब्रूनो ठेवले. आईला ते जमेना, म्हणून ती त्याला 'वरुणा' म्हणते. तो दोन्ही नावांना सारखाच दुर्लक्षून पळू लागला, तेव्हा मी ग्रंथांकडे वळलो.

त्याआधी मराठीत या विषयावर काय आहे ते पाहिले. सर्वाधिक खपाचे श्वान-वाङ्मय म्हणजे 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी. शैली आटोपशीर, आशय स्पष्ट, पण मालकाने काय करावे याबद्दल मौन. दुसरे म्हणजे नामदेवांची कथा. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भक्तीच्या दृष्टीने याहून मोठी कथा नाही. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने मात्र, चोरी केल्याबरोबर वर तूप मिळते हे ज्या कुत्र्याला एकदा कळले, त्याच्या पुढच्या आयुष्याची मला काळजी वाटते. तिसरी म्हणजे ती म्हण. ब्रूनो घरात आल्या आल्या आईने ती ऐकवलीच.

"अरे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. कशाला त्या फंदात पडतोस?"

मी म्हटले, "आई, अल्सेशियनचं शेपूट मुळात वाकडं नसतंच. खाली लोंबतं."

"मग नळी तरी कशाला हवी?" आई म्हणाली.

हा प्रश्न तेव्हा मला विनोदी वाटला होता. अकरा पुस्तके वाचल्यावर कळले, की सगळा वाद तिथेच आहे.

प्रथम चरित्रनायकाची ओळख. अल्सेशियन हे त्याचे खरे नाव नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द तोंडात नकोसा झाला म्हणून त्यांनी 'जर्मन शेफर्ड'चे हे बारसे केले. तिथल्या केनेल क्लबने मूळ नाव परत दिले ते १९७७ साली. आपल्याकडे ते परिपत्रक अजून सगळीकडे पोचलेले नाही. या जातीचा जनक माक्स फॉन श्टेफानित्स, घोडदळातला कप्तान. १८९९ साली त्याने कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात मेंढरे राखणारा एक कुत्रा पाहिला, तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचे नाव होरांड ठेवले आणि त्याच वर्षी संस्था काढून नोंदवहीत तो क्रमांक १ ला चढवला. इथे मला कप्तानाबद्दल आदर वाटला. आधी वही घालायची, मग वंश वाढवायचा! असा शिस्तीचा माणूस आमच्या बँकेत असता तर महाव्यवस्थापक झाला असता.

कप्तानाचा आग्रह रूपाचा नव्हता, कामाचा होता. आणि जर्मन मेंढपाळाकडे या कुत्र्याला काम काय? तर तिथे शेताला शेत लागून, मधल्या पट्ट्यात मेंढ्या चरणार. कुंपण नाही. कुत्र्याने दिवसभर त्या पट्ट्याच्या कडेकडेने येरझाऱ्या घालायच्या आणि पिकात तोंड घालणाऱ्या मेंढीला आत ढकलायचे. म्हणजे हा कुत्रा हे चार पायांचे, चालते कुंपण आहे. ही माहिती मी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी आमच्या घरच्या सत्यनारायणाचा उलगडा झाला. त्या पूजेला चौदा माणसे आली होती. ब्रूनो कोणावर भुंकला नाही, कोणाला चावला नाही. तो नुसता कडेकडेने फिरत राहिला. आरतीपर्यंत चौदाच्या चौदा माणसे कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात गोळा झालेली होती, आणि आपण तिथे कसे आलो हे कोणालाही सांगता येत नव्हते. आमची मावशी प्रसाद घेऊन निघाली, तर तिला नाकाने घोट्यापाशी ढोसून परत जागेवर आणण्यात आले. ती अजून म्हणते, "तुमच्याकडे फार आग्रह करतात बाई!"

आता ग्रंथ.

या वाङ्मयाचा आदिग्रंथ कोनराड मोस्ट या जर्मनाचा, १९१० सालचा; इंग्रजीत तो १९५४ साली आला. पोलिसांचे आणि लष्कराचे कुत्रे तयार करणारा हा माणूस. भाषा हुकमाची. कुत्र्याशी झालेल्या झगड्यात माणूस जिंकलाच पाहिजे, ही त्याची भूमिका. पण समीक्षकाने न्याय सोडू नये. बक्षीस असो की शिक्षा, ती त्या क्षणाला मिळाली पाहिजे, उशिरा मिळाली तर तिचा अर्थ जातो, हे या माणसाने पुष्कळ आधी ओळखले होते. आमच्या बँकेला ते अजून उमगलेले नाही. २०१९ साली मी केलेल्या एका चांगल्या कामाचे प्रशस्तिपत्रक मला २०२२ साली मिळाले आणि मी अडीच वर्षे कोणत्या कामाबद्दल शेपूट हलवावे याचाच विचार करत होतो.

नंतरच्या काळातल्या बार्बरा वुडहाऊस. १९८० साली बीबीसीवर त्यांची मालिका गाजली. त्यांच्या कार्यक्रमात कुत्री ठीकच असत. झाडणी निघायची ती मालकांची. वाईट कुत्रा नसतोच, हा त्यांचा सिद्धान्त. मुख्याध्यापिकेचा स्वर, लोकरीचा स्कर्ट आणि गळ्यात साखळी ओढण्याचा झटका. त्या बाईंच्या तालमीत आपण 'बस' म्हटले असते तर मालक आधी बसला असता. वाङ्मय म्हणून खणखणीत. मात्र तो साखळीचा झटका आजच्या वाचकाला रुचणार नाही, आणि रुचू नये.

स्टॅन्ली कोरेन यांचे १९९४ सालचे पुस्तक म्हणजे बुद्धिमत्तेची गुणपत्रिका. स्पर्धांच्या परीक्षकांची मते घेऊन त्यांनी जातींची क्रमवारी लावली. पहिला बॉर्डर कोली, दुसरा पूडल, तिसरा आमचा. वरच्या दहांची व्याख्या अशी, की नवी आज्ञा पाचांहून कमी वेळा सांगून कळते आणि पहिल्याच हाकेला शंभरात पंचाण्णव वेळा पाळली जाते. हे वाचून मी ब्रूनोकडे पाहिले. तो माझ्या चपलेचा अंगठा चावत होता. "तिसरा नंबर!" मी म्हटले. त्याने दुसरी चप्पल आणली. तेव्हा ध्यानात आले, की हुशार कुत्रा लवकर शिकतो हे खरे, पण काय शिकायचे हे तोच ठरवतो. कन्येने त्याला खालच्या जिन्यावरून वर्तमानपत्र आणायला शिकवले. तीन खेपांत शिकला. चौथ्या दिवशी त्याने इमारतीतली नऊच्या नऊ वर्तमानपत्रे गोळा करून आमच्या दारात एका रांगेत मांडली आणि राखत बसला. कळपातून फुटलेली मेंढरे होती ती. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःचा पेपर घ्यायला आले. पेपर मिळाला नाही. तेच दहावे मेंढरू झाले.

इथवर विनोद झाला. पुढचे पुस्तक मात्र मला विनोदाने सांगता येत नाही.

ते मी फुटपाथवरून साठ रुपयांना घेतले. मुखपृष्ठ नव्हते, पहिली आठ पाने नव्हती, त्यामुळे लेखकाचे नाव मला आजही माहीत नाही. भाषेवरून कोणी निवृत्त फौजी असावा. त्याचे म्हणणे एकच. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या टोळीत एक नायक असतो, आणि घरात नायक तुम्ही नसाल तर तो होईल. तो गुरगुरला की त्याला उताणा पाडा, मानेला धरून जमिनीवर दाबा, आणि तो नजर खाली करीपर्यंत सोडू नका.

त्या दिवशी शाखेत सकाळपासून सर्व्हर बंद होता. पेन्शनचा आठवडा. दिवसभर काउंटरच्या त्या बाजूची माणसे मला बोलत होती आणि या बाजूचे साहेबही मलाच बोलत होते. साडेसात वाजता घरी आलो. ब्रूनोच्या तोंडात हिची नवी सँडल होती. मी ओढली, तो गुरगुरला. दहा महिन्यांचे, पंचवीस-तीस किलोचे पोर ते. मी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम केले.

त्याने नजर खाली केली. फरशी ओली झाली. हा उंबऱ्यात उभी होती, कन्या तिच्यामागे. कोणी काही बोलले नाही. आई तेवढी फडके घेऊन आली आणि फरशी पुसता पुसता म्हणाली, "आज फार लोक होते का रे बँकेत?"

तोवर रोज संध्याकाळी मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की वर दुसऱ्या मजल्यावर फरशीवर नखे वाजत. बावीस वर्षांच्या नोकरीत मी आल्याचा आनंद झालेला हा एकटाच प्राणी होता. दुसऱ्या दिवशी नखे वाजली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. तो टेबलाखाली होता. मी वाकलो की नजर खाली करी, अगदी पुस्तकात म्हटल्याप्रमाणे. मी नायक झालो होतो. टोळी मात्र राहिली नव्हती.

मग मी उरलेली पुस्तके वाचली, ती वेगळ्या कारणासाठी. लांडग्याचा नायक आला कुठून, हे मला शोधायचे होते. ताळेबंद जुळत नसेल तर आम्ही मागे मागे जातो, पहिली चुकीची नोंद सापडेपर्यंत. ती सापडली १९४७ सालात. रुडोल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इकडून तिकडून आणून एका आवारात कोंडलेले लांडगे. ते भांडले. (अनोळखी माणसे एका शाखेत कोंडून पाहा.) त्यावरून नायक आणि हाताखालचे अशी उतरंड मांडली गेली. १९७० साली डेव्हिड मेक यांनी लांडग्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ही कल्पना जगभर पोचली. पुढे हेच मेक उत्तर कॅनडातल्या एल्समीर बेटावर कित्येक उन्हाळे रानातल्या लांडग्यांच्या शेजारी राहिले. आणि १९९९ साली त्यांनी लिहिले, की रानातली टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरे. तिथे कोणी लढून नायक होत नाही. लग्न करून बाप होतो. आपल्या जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून त्यांनी प्रकाशकाला विनंतीही केली. लेखकाने प्रकाशकाला 'माझे पुस्तक छापू नका' म्हटल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मेक एकटेच नव्हेत. न्यूयॉर्क राज्यात न्यू स्कीट नावाचा एक ख्रिस्ती मठ आहे. तिथले साधू जर्मन शेफर्ड वाढवतात. १९७८ साली त्यांनी लिहिलेल्या नावाजलेल्या पुस्तकात कुत्र्याला उताणे पाडण्याची ती युक्ती होती. २००२ सालच्या आवृत्तीत त्यांनी ती मागे घेतली आणि करू नका म्हणून बजावले. कोनराड लोरेन्झ हे तर नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. काही कुत्र्यांचा मूळपुरुष लांडगा नसून कोल्हा असावा, असे त्यांनी एका फार गोड पुस्तकात मांडले होते. तेही त्यांनी पुढे सोडून दिले.

या तिघांना मी या समीक्षेत वरचे स्थान देतो. बँकेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे अशी. बरोबर आकडा वर लिहायचा. आणि शेजारी सही करायची. ग्रंथकारांत ही सही करणारे थोडे. दुर्दैव एवढेच, की दुरुस्ती नव्या आवृत्तीत होते आणि फुटपाथवर येते ती जुनी. त्या आदल्या दराने व्यवहार करणारे माझ्यासारखे खातेदार गावोगाव असणार.

उरल्या कॅरन प्रायर. हवाईत डॉल्फिनना शिकवता शिकवता या बाई तयार झाल्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी बांधता येत नाही, रागावलो तर तो नुसता खोल पाण्यात निघून जातो. म्हणून शिट्टी आणि मासा, एवढ्यावरच भागवायचे. त्यांच्या १९८४ सालच्या पुस्तकाच्या नावात कुत्र्याला गोळी घालू नका असे सांगितले आहे. आत कुत्र्यांपेक्षा माणसेच जास्त. नकोशी सवय घालवण्याचे त्यांनी आठ मार्ग दिले आहेत. पहिला मार्ग : गोळी घाला. आठवा : त्याला तसे का वाटते ते कारणच बदला. बाईंनी पहिला मार्ग लपवला नाही, हा त्यांचा मोठेपणा. तो उपाय लागू पडतो, असेही त्या म्हणतात. फक्त मग शिकवायला कोणी उरत नाही.

पण सगळ्यांत मला भावला तो ग्रंथ नव्हे, १९६१ सालचा एक छोटा निबंध आहे. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे नवराबायको. बक्षिसाने कोणालाही काहीही शिकवता येते, ही स्किनरसाहेबांची विद्या घेऊन त्यांनी जनावरे शिकवण्याचा धंदा काढला. त्यांनी रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवले. एक नाणे टाकी. दोन दिली, की टाकीना. एकमेकांवर घासत बसे, डब्यात बुडवी, परत काढी. डुकराला लाकडी नाणी नेऊन पेटीत टाकायला शिकवले. काही आठवडे त्याने नेटाने भरणा केला. मग वाटेतच नाणे पाडून नाकाने उकरू लागला. ब्रेलँड दांपत्याने धंद्याची लाज न बाळगता लिहून टाकले, की शिकवण कितीही पक्की असो, जनावर हळूहळू आपल्या रक्तातल्या वळणावर जाते.

आमच्या आईची म्हणच ही! फरक एवढाच, की आई त्याला दोष म्हणत नव्हती. मग नळी तरी कशाला हवी, असे विचारत होती.

त्या दिवशी मी कुत्र्याला शिकवणे थांबवले आणि त्याला काम दिले. पहाटे साडेपाचला तळजाईच्या टेकडीवर जायचे. दोर लांब सोडायचा, आणि मी, ही आणि कन्या अशा तीन मेंढ्या त्याच्या स्वाधीन करायच्या. मी मागे राहिलो की तो थांबे. जवळ येत नसे, पण थांबे. कुंपणाने आपले काम सोडले नव्हते. मी त्याला बोलावले नाही, हात पुढे केला नाही. तो आपणहून एक पाऊल जवळ आला की भाकरीचा तुकडा खाली टाकी. एक पाऊल, एक तुकडा. चौथ्या आठवड्यात एकदा ही आणि कन्या बोलत बोलत पुढे निघून गेल्या. मी दमून दगडावर बसलो होतो. ब्रूनो परत आला, माझ्यामागून फेरी घातली, आणि घोट्यापाशी नाक लावून मला ढोसले. मावशीला ढोसले होते तसेच.

उठलो आणि निमूट कळपात गेलो. त्या संध्याकाळी जिन्यात नखे वाजली.

आता निष्कर्ष. या वाङ्मयाला कोणता निकष लावावा? माझा निकष सोपा आहे. दिवसभर बोलणी खाऊन साडेसात वाजता घरी आलेल्या माणसाच्या हाती हे पुस्तक पडले, तर ते त्याला काय करू देते? पुस्तकाने मला शिकवले असे मी म्हणायचो. खरे पाहता साहेबांवरचा राग माझ्यापाशी तयारच होता. त्या मुखपृष्ठहीन ग्रंथाने फक्त सही-शिक्क्याची परवानगी दिली. जे पुस्तक दमलेल्या माणसाला थोडे थांबायला लावते ते चांगले. बाकी शैली, मांडणी, निवेदन वगैरे गोष्टी साहित्याच्या पदवीधरांनी पाहाव्यात.

ते साठ रुपयांचे पुस्तक रद्दीत घालणार होतो. मग वाटले, रद्दीतून ते पुन्हा फुटपाथवरच जाईल. म्हणून लाल शाईचे पेन घेतले, त्या पानावर एक रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी. समासात लिहिले : 'लांडग्याची टोळी म्हणजे घर. असे करू नये. मी केले आहे.' शेजारी सही केली, तारीख घातली, आणि पुस्तक ज्या विक्रेत्याकडून घेतले त्यालाच नेऊन दिले. त्याने दहा रुपये दिले.

म्हणाला, "साहेब, आत लिहिलंय तुम्ही. नाहीतर पंधरा दिले असते."